वाळू, पाणी आणि फुप्फुस: सिलिकाच्या पृष्ठभागाचा ठाणे-कल्याण परिसरातून आढावा

ठाणे, कल्याण, डोंबिवली यांच्या पायाखालचा खडक काळा बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला; पारसिकचा डोंगर, मुंब्र्याची टेकडी, मलंगगड ही सगळी त्याचीच रूपे. या खडकाचे पृथक्करण केले तर वजनाचा जवळजवळ निम्मा भाग सिलिका, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणून मोजला जातो. पण ही सिलिका मोकळी नसते. फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांत ती कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांच्याशी बांधलेली असते. मोकळी, स्फटिकी सिलिका म्हणजे क्वार्ट्झ, आणि ते या खडकाच्या मुख्य अंगात जवळपास नसते. असते ते पोकळ्यांत आणि भेगांत: लाव्हातले वायू निघून गेल्यावर उरलेल्या पोकळ्यांत नंतर पाझरलेल्या पाण्याने गारगोटी, अकीक, कॅल्सेडनी भरले, तेवढेच.

सिलिकाबद्दल बोलताना आपल्याकडे 'किती टक्के' हा एकच आकडा पुढे केला जातो. खाणीच्या धुळीवर तक्रार असो, क्रश सँडचा चाचणी अहवाल असो किंवा औषध कारखान्याची खरेदी असो, सगळीकडे टक्केवारी. गेल्या शंभर वर्षांतले संशोधन एकत्र ठेवून पाहिले तर मला ते दुसरीकडे बोट दाखवताना दिसते. सिलिका पाण्याशी, मातीशी, सिमेंटशी, औषधाच्या रेणूशी किंवा फुप्फुसातल्या पेशीशी कशी वागेल हे तिच्या अगदी वरच्या, एका रेणूच्या जाडीच्या थरावर ठरते. तो थर कसा तयार झाला, कधी तुटला, किती तापला, त्यावर काय बसले, हे विचारल्याशिवाय टक्केवारीला अर्थ येत नाही.

सिलिकाच्या आत प्रत्येक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजन अणूंनी वेढलेला असतो आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये वाटलेला असतो. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशा दुव्याला सिलॉक्झेन म्हणतात. हे जाळे जिथे संपते किंवा तुटते तिथे अणूंची टोके उघडी पडतात. हवेतला ओलावा त्या टोकांशी लगेच जुळतो आणि सिलिकॉनला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागते. हा सिलॅनॉल गट. सिलिकाच्या पृष्ठभागाचे रसायनशास्त्र म्हणजे बहुतांशी या एका गटाचे चरित्र आहे.

पृष्ठभागावर असे गट किती, याचे उत्तर रशियन रसायनशास्त्रज्ञ झुरावलेव्ह यांनी दिले. वेगवेगळ्या प्रकारे बनवलेल्या शंभराच्या आसपास अस्फटिक सिलिका नमुन्यांचा अभ्यास करून त्यांनी १९८७ साली आणि पुढे २००० साली दाखवले की पूर्ण ओलावलेल्या पृष्ठभागावर चौरस नॅनोमीटरमागे सरासरी ४.९ सिलॅनॉल गट असतात, आणि नमुना कुठून आला याने त्यात फार फरक पडत नाही. पण सगळे गट सारखे नाहीत. काही एकटे, शेजाऱ्यापासून लांब. काही ठिकाणी एकाच सिलिकॉनवर दोन. काही इतके जवळ की एकमेकांशी हायड्रोजन बंधाने जोडलेले. तापवत नेले की आधी चिकटलेले पाणी जाते. साधारण १९० अंश सेल्सियसच्या पुढे जवळजवळचे गट आपसात पाणी गमावून सिलॉक्झेन दुवे बनवू लागतात. ४०० अंशांच्या आसपास हे जोडीदार संपतात आणि एकटे गट उरतात. १२०० अंशांपर्यंत तेही जातात. गट गेलेला पृष्ठभाग पाण्याला जवळ करत नाही. ओलावा शोषणाऱ्या पुड्यांत असते तीही सिलिका आणि खूप तापवून कोरडी ठणठणीत केलेली भुकटी तीही सिलिका. दोघींचे रासायनिक सूत्र एक आहे, वागणूक मात्र उलटी.

सिलॅनॉल गट दुर्बळ आम्ल आहे. पाण्यात तो हायड्रोजन आयन सोडतो आणि मागे ऋण भार राहतो. पीएच दोन ते तीनच्या दरम्यान सिलिकाच्या पृष्ठभागावर निव्वळ भार नसतो. त्याच्या वर तो ऋण होत जातो. १९९२ साली आयझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी लेसरच्या साहाय्याने पृष्ठभाग तपासला तेव्हा गटांचे दोन वर्ग दिसले: सुमारे एकपंचमांश गट आम्लतेने बरेच प्रबळ, ४.९ पीएचच्या आसपास आयन सोडणारे. उरलेले चारपंचमांश ८.५ च्या आसपास. आपल्या नदीचे पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये येते, म्हणून पुढचा भाग आपल्या नळाशी जोडलेला आहे.

कल्याण-डोंबिवलीचे पाणी उल्हास नदीतून येते आणि बारावे, मोहिली, नेतिवली इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांत स्वच्छ होते. एमआयडीसीचे जांभूळचे केंद्र बारवी धरणाचे पाणी घेते. भिवंडीजवळच्या टेमघरहून ठाण्याच्या काही भागाला पाणी मिळते. पावसाळ्यात नदी तांबूस गढूळ होते. हा गढूळपणा चिकणमातीच्या कणांचा, आणि त्यातले अडचणीचे कण एक मायक्रॉनच्या आसपासचे. गाळणीतला वाळूचा दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या घरात असतो, आणि दाण्यांमधली फट मातीच्या कणाच्या पन्नासपट तरी मोठी. कण त्या फटीतून सहज निघून जायला हवा. तो अडकतो तो वाळूच्या अंगाला चिकटून. इथेच पेच आहे. नदीच्या पाण्यात वाळू ऋण आणि मातीही ऋण. दोघी एकमेकींना ढकलतात. नुसत्या वाळूवर गढूळ पाणी सोडले तर बरीच माती खाली उतरून नळापर्यंत जाईल.

तुरटी किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड टाकले की ॲल्युमिनियमची धन भाराची संयुगे मातीच्या कणावर बसतात, ऋण भार मारतात, कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात. बराचसा गाळ टाकीत तळाशी जातो. जो उरतो तो आता वाळूला चिकटू शकतो. मात्रा कमी पडली तर भार उरतो. जास्त झाली तर पृष्ठभाग उलटा, धन होतो आणि कण पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. म्हणून केंद्रात काचपात्रांत निरनिराळ्या मात्रा घालून चाचणी घेतात आणि जोराचा पाऊस झाला की ती पुन्हा घेतात. ऑगस्टमधल्या एखाद्या दिवशी नळाला पिवळट पाणी आले की 'फिल्टर खराब आहे' असे आपण म्हणतो. पुष्कळदा फिल्टर जसाच्या तसा असतो, चुकलेला असतो तो दोन पृष्ठभागांमधला भाराचा हिशोब. वर्षानुवर्षे वापरलेल्या वाळूच्या दाण्यांवर लोह, मँगेनीज, ॲल्युमिनियम यांचा लेप चढतो आणि दाण्याचा स्वभावच बदलतो. वाळूवर मुद्दाम लोहाचे ऑक्साइड चढवून पाण्यातले आर्सेनिक पकडण्याची पद्धत याच गुणावर उभी आहे.

दोन सिलिका पृष्ठभाग एकमेकांजवळ आणले तर काय होईल, हा प्रश्न ऐकायला सोपा आहे आणि अजून पुरता सुटलेला नाही. डेर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये आणि फेरवे व ओवरबेक यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार दोन बळांची बेरीज करायची: रेणूंमधले ओढणारे बळ आणि समान भारांचे ढकलणारे बळ. भार नाहीसा केला की कण चिकटायला हवेत. पण पीएच दोनला, भार शून्याजवळ असतानाही, सिलिकाचे बारीक कण पाण्यात न चिकटता बराच काळ टिकतात, हे राल्फ आयलर यांनी १९७९ च्या आपल्या बृहद्ग्रंथात तपशिलाने नोंदले. पृष्ठभाग अगदी जवळ आले की एक वेगळे ढकलणारे बळ जागे होते. एका मताप्रमाणे सिलॅनॉल गटांना घट्ट धरलेला पाण्याचा थर बाजूला सारायला ऊर्जा लागते. दुसऱ्या मताप्रमाणे पृष्ठभाग गुळगुळीत नसतोच. पाण्यात त्याच्यावर सिलिकाच्या साखळ्यांचे नॅनोमीटरभर लांब केस उगवतात आणि ते आड येतात. इझ्राएलाश्विली यांच्या प्रयोगशाळेने १९९४ साली दुसऱ्या मताला बळ देणारी मोजमापे दिली. माझा कल मिश्र उत्तराकडे आहे: वितळलेल्या सिलिकाचा आणि पाण्यातून साकळलेल्या सिलिकाचा पृष्ठभाग एकच नाही, आणि वाद घालणारे पुष्कळदा वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत होते.

बांदोडकर, बिर्ला, पेंढरकर अशा महाविद्यालयांच्या रसायनशाळेत सिलिका जेल लावलेली टीएलसीची (पातळ थराच्या वर्णलेखनाची) पट्टी विद्यार्थ्यांच्या हातात येते तेव्हाही हा सिलॅनॉल गटच काम करत असतो. सिलॅनॉलशी ज्या रेणूचे जमते तो खाली रेंगाळतो, ज्याचे जमत नाही तो द्रावकाबरोबर वर जातो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वॉल्टर पॅट्रिक यांनी १९१९ मध्ये सिलिका जेलचे पेटंट घेतले, तेव्हा त्यातून रसायनशाळांचे रोजचे साधन निघेल असे कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही. ठाणे, अंबरनाथ, डोंबिवलीच्या औषध कारखान्यांत गुणवत्ता तपासणीसाठी एचपीएलसीचे (द्रव वर्णलेखनाचे) कॉलम वापरतात. त्यातली सिलिका अठरा कार्बनच्या साखळ्यांनी झाकलेली असते. पण झाकण पूर्ण बसत नाही. एका चौरस मीटरवर सिलॅनॉल असतात सुमारे आठ मायक्रोमोल. साखळ्या जाडजूड, त्या जेमतेम निम्म्या जागी बसतात. उरलेल्या सिलॅनॉलपैकी जे आम्लधर्मी आहेत ते औषधातल्या अमाइन गटाला धरून ठेवतात, आणि आलेखावरच्या शिखराला लांब शेपूट फुटते. त्यावर उपाय म्हणून छोट्या ट्रायमिथिलसिलिल गटांनी दुसऱ्यांदा झाकतात. शेपटीमुळे एखादी अशुद्धी मुख्य शिखराखाली दडली तर गोळीची चाचणी चुकते, हे ज्यांनी तपासणीच्या खोलीत काम केले आहे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

टायरमध्येही तोच झगडा आहे. रबर तेलकट, सिलिका पाणीप्रिय; दोन्ही मिसळत नाहीत. गंधकयुक्त सिलेन मधे घातले की त्याचे एक टोक सिलॅनॉलशी आणि दुसरे रबराशी जोडले जाते. मिशेलिनने १९९२ साली अशा टायरची सुरुवात केली आणि गाडीचे इंधन वाचवणारे टायर त्यातून पुढे आले.

बांधकामाकडे अधिक थांबायला हवे, कारण या पट्ट्यात घोडबंदर रस्त्यापासून कल्याणच्या पलीकडेपर्यंत काँक्रीट ओतले जात आहे. पूर्वी वाळू खाडीतून यायची. मुंब्रा, कल्याण इथली रेतीबंदरे त्याच धंद्याची. हातपाटी घेऊन पाण्यात बुडी मारणारे कामगार होडीत वाळू भरत, नंतर सक्शन पंप आणि ड्रेजर आले. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने वाळू उपशावर बंदी घातली, त्यानंतर नियम, लिलाव, चोरटा उपसा असा सगळा प्रवास झाला, आणि क्रशरवर दगड फोडून केलेली क्रश सँड बाजारात मुख्य झाली. २०२५ साली राज्य सरकारने कृत्रिम वाळूचे स्वतंत्र धोरण आणले. खाड्यांचे आणि किनाऱ्यांचे नुकसान पाहता ही दिशा मला योग्य वाटते. पण नव्या वाळूचा पृष्ठभाग जुन्या वाळूसारखा नाही, हे क्रशरच्या आणि आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटच्या लोकांना रोज भोगावे लागते.

पाण्याने घासलेला दाणा गोलसर आणि जुना. फोडलेला दाणा टोकदार, त्याचा पृष्ठभाग ताजा आणि जास्त. त्यापेक्षा मोठी अडचण खाणीच्या वरच्या थराची. आपला बेसॉल्ट कुजला की त्यातून मॉन्टमोरिलोनाइट प्रकारची फुगणारी चिकणमाती होते. मुरमात ती मुबलक असते. ही माती म्हणजे सिलिकेटचे पातळ पापुद्रे, एकावर एक. काँक्रीट वाहते राहावे म्हणून आजकाल पॉलिकार्बोक्सिलेट प्रकारचे मिश्रक घालतात. त्या रेणूंच्या लांब बाजूच्या साखळ्या मातीच्या पापुद्र्यांत घुसून अडकतात आणि सिमेंटच्या कणापर्यंत पोहोचतच नाहीत. खाणीचा मुरूम नीट न काढता दगड क्रशरला गेला की स्लंप, म्हणजे काँक्रीटचे वाहतेपण, उतरतो, मिक्सरवाला साइटवर पाणी मारतो आणि काँक्रीटची ताकद जाते. धुतलेल्या क्रश सँडला जास्त भाव मिळतो तो याचसाठी. वाळूत किती टक्के बारीक कण आहेत यावर वाद घालण्यापेक्षा मेथिलीन ब्लूची साधी चाचणी सर्वत्र सक्तीची करावी असे माझे मत आहे. तो रंग किती शोषला गेला यावरून फुगणाऱ्या मातीचा पृष्ठभाग कळतो, आणि नुकसान करतो तो पृष्ठभागच.

काँक्रीटमध्ये आणखी एक सावकाश चालणारी क्रिया आहे. सिमेंटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच तेराच्या आसपास असतो. तिथे सिलॅनॉल पूर्ण आयनित होतो आणि हायड्रॉक्सिल आयन सिलॉक्झेन दुवे तोडतात. खडीत अस्फटिक किंवा अर्धवट स्फटिकी सिलिका असेल, जसे ओपल, कॅल्सेडनी, ज्वालामुखी काच, तर तिचे जेल होते. ते पाणी पिऊन फुगते आणि काही वर्षांनी काँक्रीटला जाळीदार तडे पडतात. थॉमस स्टँटन यांनी १९४० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बांधकामांवरून हे दाखवून दिले. भारतात हिराकुड आणि रिहंद धरणांच्या बाबतीत ही क्रिया नोंदली गेली आहे. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी असते आणि काही प्रवाहांत काचही, म्हणून प्रत्येक खाणीची खडी वेगळी तपासली पाहिजे; 'ठाण्याचा काळा दगड चांगलाच' या सरधोपट विश्वासावर मेट्रोचे खांब आणि बोगदे उभे करू नयेत.

हीच क्रिया ताब्यात ठेवली तर उपयोगी पडते. चुन्यात विटेची सुरखी घालणारे जुने गवंडी तेच करत होते: भाजलेल्या मातीतली क्रियाशील सिलिका आणि चुना मिळून पाण्यातही टिकणारा बंध तयार होतो. मुरबाड-शहापूरकडच्या भाताच्या तुसात हीच सिलिका आहे; भाताचे रोप मातीतून विरघळलेली सिलिका ओढून तुसात साठवते. तूस जाळल्यावर वजनाच्या सुमारे एकपंचमांश राख उरते आणि त्या राखेचा बहुतेक भाग सिलिकाच असतो. तूस ७०० अंशांच्या आत जाळले तर राख अस्फटिक, सच्छिद्र, सिमेंटसाठी उत्तम. भट्टी जास्त तापली तर राखेचे क्रिस्टोबलाइट, म्हणजे स्फटिकी सिलिका, होऊ लागते, आणि तीच राख सिमेंटला निरुपयोगी आणि हाताळणाऱ्याला धोक्याची ठरते.

धोक्याची गोष्ट फुप्फुसाची आहे, आणि या आढाव्यात मला सर्वांत महत्त्वाची तीच वाटते. चार मायक्रॉनच्या आतले स्फटिकी सिलिकाचे कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. गिळलेला कण पेशीतल्या आम्लाच्या पिशवीचे आवरण फाडतो. त्यातून दाहाची यंत्रणा चालू होते, हे २००८ साली वेगवेगळ्या संशोधनगटांनी दाखवले. पेशी मरते, कण मोकळा होतो, पुढची पेशी त्याला गिळते. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की फुप्फुसात गाठी आणि व्रणाचे तंतू होतात. हा सिलिकोसिस. त्याला औषध नाही, आणि तो असला की क्षयाचा धोका कितीतरी वाढतो. आपल्याकडे अशा रुग्णावर वर्षानुवर्षे फक्त क्षयाचा उपचार चालू राहतो आणि कामाच्या धुळीचा प्रश्न कोणी विचारतच नाही, हे फार दुःखाचे आहे. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका माणसात कर्करोग करणारी म्हणून जाहीर केली.

स्फटिकी सिलिकाच का आणि अस्फटिक का नाही, हे कोडे अनेक दशके अडले होते. स्फटिकाचा आकार, विरघळण्याची गती, अणूंची मांडणी, सगळे पडताळून झाले. तुरीन विद्यापीठातल्या बीचे फुबिनी आणि त्यांच्या नंतरच्या पिढीने उत्तर पृष्ठभागावर शोधले. त्यांनी प्रयोगशाळेत क्वार्ट्झचे अगदी बारीक स्फटिक वाढवले, पृष्ठभाग अखंड असलेले. हे स्फटिक लाल रक्तपेशी फोडत नव्हते. तेच दळून तोडले की फोडू लागले. २०२० साली त्यांनी नेमका दोषी गट दाखवला: एकमेकांपासून चार ते सहा अँगस्ट्रॉम अंतरावर असलेल्या सिलॅनॉलच्या जोड्या, हायड्रोजन बंध होण्याइतक्या जवळ नाहीत आणि पूर्ण एकट्याही नाहीत. तोडलेल्या क्वार्ट्झवर अशा जोड्या भरपूर तयार होतात, आणि त्या पेशीच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिडना पकडतात. तापवून किंवा पाणी देऊन या जोड्यांची संख्या कमी-जास्त केली की कणाचा विषारीपणाही तसाच कमी-जास्त होतो. स्फटिकी-अस्फटिक अशी जी विभागणी आपण पाठ्यपुस्तकात शिकतो, ती धोक्याच्या बाबतीत पुरेशी नाही, असे त्यामुळे म्हणावे लागते.

तोडण्याचा आणखी एक परिणाम असतो. दुवा फुटताना काही टोकांवर जोडीदाराविना इलेक्ट्रॉन राहतो. अमेरिकेत वाल्याथन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले की ताज्या दळलेल्या सिलिकावर अशी मूलके असतात आणि पाण्यात पडताच ती हायड्रॉक्सिल मूलके बनवतात. हवेत ती हळूहळू ओसरतात, पाण्यात काही मिनिटांत. ग्राइंडर चालू असताना त्याच क्षणी श्वासात जाणारी धूळ महिनाभर पडून राहिलेल्या धुळीपेक्षा जास्त घातक असते, ती याच कारणाने.

हे आपल्या परिसराला लावून पाहिले तर चित्र अनपेक्षित निघते. शीळफाटा-मुंब्रा पट्ट्यातल्या दगडखाणी आणि क्रशर यांच्या धुळीने झाडांची पाने पांढरी होतात, लोक खोकतात आणि चिडतात, आणि ते रास्त आहे. कोणतीही बारीक धूळ इतक्या प्रमाणात फुप्फुसात गेली की अपाय होतोच. पण ती धूळ मुख्यतः बेसॉल्टची, मोकळे क्वार्ट्झ त्यात कमी. दाट क्वार्ट्झ असलेली ताजी धूळ आता वेगळ्या जागी उडते: नव्या टॉवरमधल्या फ्लॅटच्या आत, स्वयंपाकघराचा ओटा कापताना.

पूर्वी ओट्याला कडप्पा असे, जमिनीला शहाबादी किंवा कोटा. ही मुख्यतः चुनखडी आहे. मग ग्रॅनाइट आला. त्यात साधारण पाचवा भाग ते तिसऱ्या भागापेक्षा थोडे जास्त क्वार्ट्झ असते. गेल्या काही वर्षांत मॉड्युलर किचनबरोबर कृत्रिम क्वार्ट्झचे स्लॅब आले. राळेत क्वार्ट्झची भुकटी बांधून केलेल्या या स्लॅबमध्ये नव्वद टक्क्यांच्या वरही क्वार्ट्झ असू शकते. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली असे स्लॅब कापणाऱ्यांत सिलिकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळल्याचे प्रसिद्ध केले. स्पेन, अमेरिका, ऑस्ट्रेलियातही तरुण कामगार आजारी पडले. काहींना फुप्फुस प्रत्यारोपण करावे लागले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबवर बंदीच घातली. आपल्याकडे सिंकची जागा आणि गॅसची जागा कापायला फिटर घरातच, दारे-खिडक्या लावून, हातात अँगल ग्राइंडर घेऊन बसतो. तोंडावर रुमाल. रुमालाने चार मायक्रॉनचा कण अडत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टातले सूत्र असे होते की श्वासात जाणाऱ्या धुळीची मर्यादा, घनमीटरमागे मिलिग्रॅममध्ये, दहाला क्वार्ट्झची टक्केवारी अधिक दोनने भागून काढायची. धुळीत एक टक्का क्वार्ट्झ असेल तर मर्यादा तीनच्या वर, तीस टक्के असेल तर सुमारे ०.३, नव्वद टक्के असेल तर ०.११ च्या आत. अमेरिकेने २०१६ मध्ये क्वार्ट्झसाठी सरळ ०.०५ ठरवले. हे सूत्र क्वार्ट्झ मोजते, पण ते ताजे तुटलेले की जुने, हे त्यात येत नाही, आणि ते कोणत्याच देशाच्या मर्यादेत अजून आलेले नाही. त्याहून मोठी त्रुटी अशी की ओटा कापला जातो ते घर कारखाना नाही. तिथे धूळ मोजायला कोणी येत नाही, आणि चार दिवसांनी फिटर दुसऱ्या सोसायटीत असतो.

पृष्ठभाग झाकून धोका मारता येईल हा विचार जुना आहे. ॲल्युमिनियम सिलिकाच्या पृष्ठभागावर बसून तिची क्रियाशीलता कमी करते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आणि कॅनडातल्या ओंटारियोमध्ये १९४३ ते १९७९ या काळात खाणकामगारांना पाळीआधी ॲल्युमिनियमची भुकटी हुंगायला लावली. सिलिकोसिस त्याने थांबला असे सिद्ध झाले नाही. उलट त्या कामगारांत पार्किन्सन्सचे प्रमाण जास्त असल्याचे पुढे आढळले. पॉलिव्हिनिल पिरिडिन एन-ऑक्साइड हे बहुवारिक सिलॅनॉलना झाकते आणि पेशींचे रक्षण करते हे जर्मनीत आणि चीनमध्ये तपासले गेले, पण तेही सर्वमान्य औषध झाले नाही. रसायन बरोबर, जागा चुकीची, असे मला यावरून वाटते. कण फुप्फुसात गेल्यावर त्याला झाकायचे असे नसून तो तुटतानाच त्याचा पृष्ठभाग शांत करायचा आहे.

हे काम पाणी करते. पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ हवेत उडत नाही, आणि मूलके छातीऐवजी चिखलात संपतात. या परिसरातले कितीतरी मार्बल-ग्रॅनाइटवाले दुकानात ओलेच कापतात, कारण पाते टिकते. स्लॅब दुकानात मापाने कापून, भोके पाडून, कडा गोल करून आणला तर घरात फक्त बसवणे उरते. घरातच कापायचे झाले तर पाण्याची सोय असलेला ग्राइंडर, तोंडाला नीट बसणारा एन ९५ मास्क आणि उघडी खिडकी. चिखल ओला असतानाच गोणीत भरून न्यावा लागतो. वाळला की ती पुन्हा धूळच, आणि दुसऱ्या दिवशी झाडू मारणाऱ्या मावशी ती श्वासात घेतात. ठाण्या-डोंबिवलीतल्या बऱ्याच सोसायट्या नूतनीकरणासाठी अनामत रक्कम घेतात, दुपारी दोन ते चार ड्रिल बंद ठेवतात, लिफ्टला पुठ्ठे लावायला सांगतात. त्याच छापील कागदावर 'ओटा आणि टाइल घरात कोरडे कापायचे नाहीत' ही एक ओळ वाढवायला ना सरकारी परवानगी लागते ना खर्च.